शोधणाऱ्याचा शब्द : माहितीसंग्रहातील पाने सापडावीत कशी?



आपल्या संघाच्या माहितीसंग्रहाचे काम आम्हा चार-पाच जणांकडे आले त्याला आता काही वर्षे झाली. विहारातील कपाटात पडून असलेल्या फाइली, जुन्या स्मरणिका, सभांची इतिवृत्ते, शासन निर्णयांच्या प्रती आणि विद्यार्थ्यांसाठी वेळोवेळी काढलेली माहितीपत्रके आम्ही एकेक करून संगणकावर चढविली. गावी असो वा मुंबईत, कोणालाही आपल्या मोबाईलवरून ती पाहता यावीत अशी सोय केली. पाने वाढत गेली तसे आमचे समाधानही वाढत गेले. परंतु पान असणे वेगळे आणि ते वेळेवर सापडणे वेगळे, हे आम्हाला एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग सांगूनच या अभ्यास लेखाला सुरुवात करतो.

श्रीवर्धन बाजूच्या एका गावातील आपल्याच समाजाची एक विद्यार्थिनी. बारावीला चांगले गुण मिळाले, अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी अर्ज भरला. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते हे तिला फार उशिरा समजले. रात्री तिने आपल्या संग्रहात 'व्हॅलिडिटी' हा शब्द टाकून शोध घेतला. उत्तर आले, काहीही आढळले नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन ती तालुक्याला गेली, एका मध्यस्थाला पैसे दिले. त्याने अर्धीच कागदपत्रे जोडली, अर्जात त्रुटी निघाली आणि त्या वर्षीचा प्रवेश हुकला. पुढे तिचे वडील विहारात भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "तुमच्याकडे याची माहिती असती तर बरं झालं असतं."

माहिती होती! चांगली चार पानी माहिती होती. कोणती कागदपत्रे, कोणत्या क्रमाने, वडिलांचा पुरावा नसेल तर काय, सारे लिहिलेले होते. फक्त त्या पानाचे शीर्षक होते 'अनुसूचित जातीच्या अर्जदारांच्या जातीच्या प्रमाणपत्राच्या पडताळणीची कार्यपद्धती'. आम्ही ते शासनाच्या अधिनियमाच्या नावावरून घेतले होते. तो २००० चा अधिनियम आपल्यापैकी कोणी पाहिला असेल तर त्याचे पूर्ण नाव एका दमात वाचता येत नाही, हे ठाऊक असेलच. त्या चार पानांत 'प्रमाणपत्र' हा शब्द जागोजाग होता, 'पडताळणी' हाही होता. पण 'व्हॅलिडिटी' हा शब्द एकदाही नव्हता, आणि 'दाखला' हाही नव्हता. आपल्या वस्तीत कोणी 'मला जात वैधता प्रमाणपत्र काढायचे आहे' असे म्हणताना ऐकले आहे काय? सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. दोष त्या मुलीचा नव्हता, आमच्या शीर्षकाचा होता.

यावर उपाय म्हणजे शोधशब्द. इंग्रजीत यालाच कीवर्ड म्हणतात. पानावरील मजकुराशिवाय, त्या पानाकडे येणारा माणूस कोणकोणत्या शब्दांनी येईल याचा विचार करून जे शब्द पानाला वेगळे जोडून ठेवले जातात, ते शोधशब्द.

संगणकाचा शोध चालतो कसा, हे थोडक्यात पाहू. आपल्या संग्रहासारख्या लहान संग्रहात संगणक आधी सर्व पानांतील शब्दांची एक मोठी यादी करून ठेवतो. प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर आहे याची नोंद असते. एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते, तशीच ही. आपण शब्द टाकला की तो ही सूची पाहतो व पाने पुढे करतो. दाखला म्हणजेच प्रमाणपत्र, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. गूगलसारखी मोठी शोधयंत्रे समानार्थी शब्द बऱ्याच अंशी ओळखतात, त्यामुळे आपली समजूत होते की सगळीकडेच असे होत असेल. तसे नाही. शिवाय पानाच्या माथ्यावर लपवून ठेवलेल्या शोधशब्दांचा व्यापारी लोकांनी इतका गैरवापर केला, की जागतिक शोधात पानांचा क्रम लावताना आपण ते शब्द विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले. म्हणून आम्ही आमचे शोधशब्द लपवीत नाही. ते पानाच्या शेवटी, वाचकाला दिसतील असे, एका ओळीत छापतो. संग्रहाचा स्वतःचा शोध त्यांवर चालतो आणि वाचकालाही एका नजरेत पानाचा विषय कळतो.

ही युक्ती आपल्याला परकी नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. पालि तिपिटकाचे पाठांतर करणाऱ्या भिक्खूंपुढे हाच प्रश्न होता. हजारो सुत्ते, सारी मुखोद्गत, आणि त्यांतले हवे ते सुत्त नेमके आठवायचे कसे? त्यांनी वग्गाच्या शेवटी 'उद्दान' जोडले. उद्दान म्हणजे एक लहानशी पद्यरचना, जिच्यात त्या वग्गातील प्रत्येक सुत्तासाठी बहुधा एकेक शब्द गुंफलेला असतो. संयुत्त निकायातील अगदी पहिले सुत्त ओघतरण सुत्त. त्या वग्गाच्या उद्दानात त्याच्या वाट्याला 'ओघ' एवढाच शब्द आला आहे. तो उच्चारला की सुत्त आठवावे, अशी योजना. दहा सुत्ते असतील तर दहा शब्द. एकही शब्द गळला तर पठण करणाऱ्याच्या लगेच लक्षात येणार. कागद नसतानाची ही सूची आहे. आज निरनिराळ्या आवृत्त्यांत एकाच सुत्ताची नावे कधी कधी वेगळी आढळतात, तेव्हाही अभ्यासक उद्दानाचा आधार घेतात.

मात्र जुना शब्द जसाच्या तसा उचलून भागत नाही, हेही तिथेच शिकायला मिळते. धम्मपदाचे २६ वग्ग व ४२३ गाथा आम्ही संग्रहात घातल्या. एका शिक्षकांनी बालसंस्कार वर्गासाठी 'बाल' असा शोध घेतला, तर त्यांच्यापुढे बालवग्ग आला. वाचून ते गोंधळले, कारण पालि भाषेत 'बाल' म्हणजे मूर्ख, अजाण माणूस. मुलांशी त्या वग्गाचा संबंध नाही. तसाच 'नागवग्ग'. आपण साप समजतो, तिथे तो हत्ती आहे. आता बालवग्गाच्या पानाला 'मूर्ख, अज्ञानी' आणि नागवग्गाला 'हत्ती, गज' असे शब्द जोडले आहेत. लहान मुलांसाठीच्या गाथांचे वेगळे पान केले असून त्याला 'मुले, बालसंस्कार, शिबिर' असे शब्द दिले आहेत.

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थी दर मार्च महिन्यात जे पान सर्वांत जास्त शोधतात ते म्हणजे महाडचा सत्याग्रह. वक्तृत्व स्पर्धा असते, निबंध असतो, शाळेत फलक लिहायचा असतो. या एका पानाला शोधशब्द देताना आम्हाला जितका विचार करावा लागला तितका बाकी दहा पानांना मिळून लागला नाही. म्हणून ते उदाहरण सविस्तर घेतो.

पहिली अडचण नावाची. कोणी 'चवदार तळे' लिहितो, कोणी 'चौदार तळे'. दोन्ही रूपे छापील पुस्तकांत आढळतात. कोणते शुद्ध यावर वाद घालायला आम्हाला वेळ नव्हता. शीर्षकात एक ठेवले, शोधशब्दांत दुसरे घातले. इंग्रजी ग्रंथांत तर हे नाव रोमन अक्षरांत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले आहे, तीही रूपे घातली. दुसरी अडचण मराठी भाषेच्या घडणीची. आपण व्याकरणात सामान्यरूप शिकतो, ते इथे उपयोगी पडते. 'तळे' हा शब्द विभक्ती लागली की 'तळ्या' होतो, तळ्याचा, तळ्यावर, तळ्यासाठी. 'दाखला'चा 'दाखल्या' होतो. संगणकाला ही दोन रूपे एकच आहेत हे उमगत नाही. म्हणून ज्या शब्दाचे सामान्यरूप बदलते त्याची दोन्ही रूपे द्यावीत, हा आमचा पहिला नियम झाला. 'शिष्यवृत्ती'ला तशी गरज नाही, कारण 'शिष्यवृत्तीचा' म्हटले तरी आरंभीची अक्षरे तीच राहतात आणि आमचा शोध आरंभीच्या अक्षरांवर चालतो. तिथे ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र हमखास होते. ती चुकीची रूपेही आम्ही देतो. कोणी म्हणेल, अशुद्ध शब्द छापता? शोधणाऱ्या मुलाची परीक्षा घ्यायला आपण बसलेलो नाही.

तिसरी गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. आपला जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला. त्याआधी तो कुलाबा होता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. त्या काळच्या वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांत रायगड जिल्हा कोठेही मिळणार नाही. उलट आजचा विद्यार्थी कुलाबा म्हटले की मुंबईतील कुलाबा समजतो. म्हणून दोन्ही नावे हवीत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कोणते शब्द घालायचे नाहीत, ही. आमच्यापैकी एकाने उत्साहाने 'मनुस्मृती दहन' हा शब्दही मार्चच्या पानाला जोडला होता. तो आम्ही काढला. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी, डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेत झाले. मार्चमध्ये तळ्याचे पाणी घेतले गेले. दोन्ही घटना महाडच्या, दोन्ही एकाच वर्षातील, त्यामुळे निबंधांत त्यांची सरमिसळ दरवर्षी पाहायला मिळते. चुकीच्या पानावर नेणारा शोधशब्द ही सरमिसळ आणखी पक्की करतो. आता डिसेंबरचे पान वेगळे आहे. मार्चच्या पानावरून तिकडे 'पाहा' म्हणून वाट दाखविली आहे. न्यायालयीन लढ्याचेही तसेच. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा, म्हणजे सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी लागलेला. त्या पानाला 'खटला, केस, दावा, हायकोर्ट, निकाल' असे शब्द. ४ ऑगस्ट १९२३ च्या बोले ठरावाचे पान निराळे, त्याला 'सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा' हे शब्द. पूर्वी हे सारे एकाच लांबलचक पानावर होते. शोधशब्द देऊ लागल्यावर समजले की ज्या पानाला वीस शब्द द्यावे लागतात ते पानच मुळी तोडायला हवे.

आणखी एक शब्द आम्ही काढला, आणि त्यावर सभेत बरीच चर्चा झाली. तो शब्द म्हणजे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. परमपूज्य बाबासाहेबांचे नाव काढायचे म्हणजे काय, असे ज्येष्ठ सभासदांना वाटणे साहजिक होते. पण आपल्या संग्रहातील बहुतेक प्रत्येक पानावर ते नाव आहे. जो शब्द सगळ्या पानांना लावला, तो कोणत्याच पानाकडे नेत नाही. तो टाकून शोध घेतला तर सगळा संग्रहच समोर येतो. 'समाज', 'माहिती', 'योजना', 'कार्यक्रम' हे शब्दही याच कारणासाठी वर्ज्य केले. बाबासाहेबांच्या नावासाठी वेगळे अनुक्रमणिकेचे पान केले, त्यावर सर्व विषय कालक्रमाने दिले आणि चर्चा मिटली.

खोती निर्मूलनाच्या पानाचा अनुभव याच्या उलट आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले. पुढे खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. या विषयावर आमच्याकडे चांगला लेख आहे, परंतु त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोत, खोती, खारेपाट असेच शब्द. नववीतील एका मुलाने 'बाबासाहेबांनी शेतकऱ्यांसाठी काय केले' असा शोध घेतला व त्याला हे पान मिळाले नाही. खोत हा शब्दच त्याने कधी ऐकलेला नाही! जी गोष्ट माहीत नाही तिचे नाव कसे टाकणार? त्यासाठी 'शेतकरी, शेतकऱ्या, कुळे, जमीन, संप, सावकार' असे त्याच्या ओळखीचे शब्द लागतात. गावाकडील एखादे आजोबा मात्र 'खोत' असेच विचारतील. पान एक, पण त्याकडे येणाऱ्या वाटा दोन.

स्थळनामांचे म्हणाल तर आपली किनारपट्टी फार जुनी, त्यामुळे एकेका गावाला तीन-तीन नावे. चौल घ्या. कान्हेरीच्या शिलालेखांत ते चेमूल आहे, जुन्या इंग्रजी लेखनात चेऊल. महाडजवळची गांधारपाले लेणी कोणी पाले लेणी म्हणून शोधतो, कोणी नुसती महाडची लेणी म्हणून. राजपुरी खाडीच्या बाजूची कुडा लेणी, कुडे असेही लिहितात. सहलीचे नियोजन करणारा आणि संशोधन करणारा यांचे शब्द वेगळे असणार. या बाबतीत फार बोलण्यासारखे नाही, सर्व नावे द्यावीत, इतकेच.

पण एका जुन्या नावावर पोटापाण्याचा प्रश्न अवलंबून असतो, ते सांगितले पाहिजे. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना नंबर १४ म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा जुना कागद. या कागदांवर जिल्हा रायगड नसतो. कुठे कुलाबा असते, कुठे जंजिरा. 'जुने पुरावे कोठे मिळतात' या आमच्या पानाला आता 'जंजिरा, हबसाण, कुलाबा, कोतवाल बुक, नमुना १४, शाळेचा उतारा, १९५०' हे सर्व शब्द आहेत.

आणि त्याच पानावर एका शब्दावरून आमच्यात खरा मतभेद झाला. जुन्या कागदांवर जातीच्या रकान्यात पूर्वीचे जातिनाम लिहिलेले असते. १९५६ साली आपण ते टाकून दिले. आज घरात, पत्रिकेवर, शाळेत आपण बौद्ध लिहितो. तेच नाव आपल्याच संघाच्या संग्रहात शोधशब्द म्हणून पुन्हा का घालायचे, असा प्रश्न एका वयोवृद्ध उपासकांनी विचारला. त्यांच्या बोलण्यात दुःख होते आणि ते रास्त होते. दुसरी बाजू अशी की, अनुसूचित जातीचे हक्क केंद्राच्या पातळीवर बौद्धांना १९९० च्या कायदा दुरुस्तीने मिळाले, पण ते मूळ जात सिद्ध करूनच घ्यावे लागतात. ज्या मुलाच्या हातात आजोबांचा शाळेचा उतारा आहे तो त्यावरचाच शब्द टाकून विचारणार, की हा कागद चालेल का? दोन सभा यावर झाल्या. शेवटी ठरले, की हा शब्द जुन्या पुराव्यांच्या व दाखल्याच्या पानांनाच लावायचा, अन्य कोठेही नाही, आणि शीर्षकात तर मुळीच नाही. त्या उपासकांचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. परंतु पान ज्याला हवे त्याला सापडू लागले.

शासनाची भाषा व लोकांची भाषा यांतील अंतर योजनांच्या पानांवर पदोपदी जाणवते. राज्यकारभार मराठीत यावा म्हणून १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, त्यातून हजारो मराठी शब्द घडले, हे मोठेच काम आहे. पण लोकांच्या तोंडी काही वेगळेच रुळले. 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती'ला महाविद्यालयातील मुले स्कॉलरशिप म्हणतात किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी जीओआय. शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीला फ्रीशिप. स्वाधार योजनेचे पान मुले 'हॉस्टेल मिळाले नाही' अशा शब्दांनी शोधतात, आणि ते बरोबरच आहे, कारण वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीच ती योजना आहे. रमाई आवास योजनेला सगळे 'घरकुल' म्हणतात. इथे आणखी एक अडचण निघाली. 'रमाई' एवढाच शब्द टाकला तर माता रमाईंचे चरित्र आणि घरकुलाचा अर्ज एकाखाली एक येतात. मग एका पानाला 'रमाई घरकुल' व दुसऱ्याला 'रमाई चरित्र, रमाई स्मृतिदिन, २७ मे १९३५' असे जोडशब्द दिले. शासन निर्णयांना सांकेतांक असतो, तोही द्यावा. कार्यालयात जाणाऱ्या माणसाला तोच उपयोगी पडतो.

जुन्या स्मरणिकांबाबत एक तांत्रिक गोष्ट. १९९० च्या दशकातील अंक श्रीलिपीसारख्या त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळविलेले आहेत. त्यांच्या फाइली सुदैवाने मिळाल्या तरी पडद्यावर मराठी दिसणारी अक्षरे आतून मराठी नसतात. त्या वेळचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवीत असत. युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय अशा फाइलीत 'महाड' शोधले तर काहीच मिळत नाही. त्याहून जुने अंक व हस्तलिखित इतिवृत्ते आम्ही छायाचित्र काढून ठेवली आहेत. छायाचित्रात संगणकाच्या दृष्टीने एकही अक्षर नसते. छापील पानाची अक्षरे ओळखणारी साधने आता आहेत, हस्ताक्षरापुढे आणि फिकट शाईपुढे ती अडखळतात. अशा पानाला शोधशब्द हीच एकमेव कडी. ती लावली नाही तर ते पान कपाटात होते तितकेच बंद राहते.

शब्द गोळा करावेत कसे, असे विद्यार्थी विचारतात. घरी बसून डोक्याने काढू नयेत, हे आमचे अनुभवाचे उत्तर. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे, आणि वाचकाचा वेळ कोठे जातो हे वाचकालाच विचारावे लागते. आम्ही विहारात एक वही ठेवली आहे. रविवारी वंदनेनंतर जो कोणी काही विचारेल त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत तीत लिहायचा, सुधारून लिहायचा नाही. शिवाय संग्रहात ज्या शब्दांवर काहीच सापडले नाही, त्यांची यादी संगणक ठेवतो, ती महिन्यातून एकदा काढून पाहतो. कोणी शोधले हे त्यात नसते आणि नसावे. लाभार्थ्यांची नावे शोधशब्द म्हणून देऊ नयेत, ही सूचनाही इथेच करतो. कोणाच्या घरी कोणती मदत गेली हे गावभर कळण्यासाठी संग्रह नाही.

एका पानाला साधारण पाच ते आठ शब्द पुरतात. पान तयार झाले की ते न वाचलेल्या दोघांना, एक विद्यार्थी व एक वडीलधारे, विषय तोंडी सांगून मोबाईल हाती द्यावा आणि आपण गप्प बसून पाहावे. गप्प बसणे कठीण जाते. योजना बंद झाली किंवा तिचे नाव बदलले तरी जुने नाव काढू नये, पानावर तसा खुलासा करावा.

वहीतल्या गेल्या महिन्याच्या नोंदी पाहून हा लेख लिहीत आहोत. म्हसळ्याकडील एका आजींनी विचारले होते, "आमच्या वाडीची वही तुमच्याकडे आहे का गं? माझ्या सासऱ्यांचा अंगठा आहे तिच्यात." कार्यकर्तीने 'वही' टाकून पाहिले, नाही मिळाले. 'वाडी' टाकले, त्या गावाच्या नावाच्या दुसऱ्याच पाच गोष्टी आल्या. वही होती. आम्ही तिला 'ग्रामशाखा इतिवृत्त, वर्गणी नोंद' असे नाव दिले होते. त्या पानाला आता 'वही, गावकी, वर्गणी, पावती, अंगठा' हे शब्द जोडले आहेत. तशाच आणखी वह्यांची छायाचित्रे काढून झाली आहेत, त्यांना शब्द द्यायचे आहेत. ज्यांच्या घरी त्या वह्या वाचू शकणारे कोणी ज्येष्ठ असतील त्यांनी त्यांना घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात यावे.